वाचनालय संगणकावर आणताना: नाशकातल्या अठरा हजार पुस्तकांचा अनुभव

दाखल क्रमांक ४३१७ आमच्याकडे दोन पुस्तकांवर होता. हा क्रमांक नोंदवहीत चढवताना प्रत्येक पुस्तकाला वेगळा मिळायला हवा. एक पाकशास्त्राचं, दुसरं ज्ञानेश्वरीवरच्या प्रवचनांचं. दोन्हींच्या गुप्त पानावर, म्हणजे शिक्का मारायच्या ठरलेल्या आतल्या पानावर, तोच शिक्का, तीच जांभळी शाई, आकडाही एकाच हातचा. दाखल नोंदवहीत मात्र ४३१७ समोर तिसरंच पुस्तक, आणि तेही गहाळ म्हणून केव्हाच कमी केलेलं. इतकी वर्षं यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. देवघेवीवर बसणाऱ्या काकूंना पुस्तकं चेहऱ्याने ओळखू येत. संगणकाला ती तशी ओळखू येत नाहीत. त्याच्या लेखी ४३१७ म्हणजे एकच पुस्तक, आणि प्रवचनं नेणाऱ्या आजोबांच्या खात्यावर तो बिनदिक्कत पाकशास्त्र मांडतो.

मी पेशाने महाविद्यालयातला ग्रंथपाल. नाशिक हे वाचनालयांचं गाव. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, इथे १८४० पासून आहे, आणि त्याच्या सावलीत जुन्या गावठाणापासून सिडको-सातपूरपर्यंत कितीतरी छोटी वाचनालयं वर्गणीवर आणि अनुदानावर तग धरून आहेत. त्यातल्या एका, शासनाच्या वर्गवारीत ‘इतर ब’ असलेल्या वाचनालयाचं संगणकीकरण आम्ही चार-पाच जणांनी रविवार आणि सुट्ट्या खर्चून केलं. पुस्तकं अठरा हजारांच्या आसपास, पगारी माणसं दोन आणि शिपाईमामा. तुमच्याकडे साधारण एवढाच पसारा असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आधी कपाटं मोजा

कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?’ तो तीन महिने बाजूला ठेवा. पहिलं काम साठा पडताळणीचं. नोंदवहीच्या पानांच्या झेरॉक्स काढा. मूळ वहीला हात लावू नका. एक जण कपाटातून पुस्तक काढून दाखल क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचेल, दुसरा झेरॉक्सवर खूण करेल. दोघांनी मिळून तासाला शंभर-सव्वाशे पुस्तकं होतात. अठरा हजारांना दीडशे ते एकशे ऐंशी तास, म्हणजे रोज दोन तास दिले तर तीन महिने. हे गणित बैठकीतच सांगून टाका, नाहीतर पंधरा दिवसांनी ‘अजून कॉम्प्युटर कसा नाही आला’ सुरू होतं.

या पडताळणीत चार ढीग होतात. जुळलेली पुस्तकं. नोंदवहीत आहेत पण कपाटात नाहीत अशी. कपाटात आहेत पण नोंदवहीत नाहीत अशी. ही बहुधा देणगीची असतात, कुणाच्या आजोबांच्या पश्चात पोत्यातून आलेली. आणि एकच क्रमांक दोघांवर असलेली. या शेवटच्या ढिगाला ‘४३१७-अ’ असली मलमपट्टी करू नका, पुढे बारकोडला ती नडते. एका पुस्तकाला नोंदवहीच्या शेवटचा नवा क्रमांक द्या, जुन्या ओळीत लाल शाईने ‘पाहा अमुक’ लिहा आणि सही करा. आम्ही प्रवचनांना नवा क्रमांक दिला. ४३१७ पाकशास्त्राकडे राहिला, कारण ते जास्त फिरतं आणि त्यावर आधीच तीन ठिकाणी शिक्के होते.

न सापडलेल्या आणि फाटक्या पुस्तकांची यादी करून कार्यकारिणीचा ठराव घ्या आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून निर्लेखनाची, म्हणजे पुस्तकं नोंदवहीतून कमी करण्याची, रीत समजून घ्या. अनुदान महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खालच्या नियमांनी मिळतं आणि तपासणीला येणारे दाखल नोंदवहीच मागतात. तेव्हा वही बंद करायची नाही. नवी दाखल पुस्तकं सॉफ्टवेअरमधून छापून, बांधून, त्यावर सही-शिक्का करून तीच परंपरा पुढे चालवा. आणि जे पुस्तक रद्द होणार हे ठरलंय, त्याची नोंद टंकण्यात वेळ घालवू नका. हे सांगावं लागतं, कारण आमच्याकडे एका उत्साही विद्यार्थिनीने वाळवीने खाल्लेल्या तीनशे पुस्तकांच्या नोंदी तयार केल्या होत्या.

सॉफ्टवेअर

पर्याय फार नाहीत. इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ महाविद्यालयं आणि विद्यापीठांसाठी आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ मुख्यतः सरकारी ग्रंथालयांचा विचार करून बनवलेलं आहे. स्थानिक विक्रेत्यांची पॅकेजं असतात. आणि ‘कोहा’ आहे: मुक्त स्रोत, परवाना शुल्क नाही, जगभर वापरात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाला २००० सालच्या आकड्यांच्या घोळात आपली जुनी प्रणाली टिकणार नाही हे कळलं, म्हणून १९९९ मध्ये ते लिहून घेतलं गेलं आणि जानेवारी २००० पासून चालू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आहेर. छोट्या गावच्या वाचनालयाने स्वतःच्या अडचणीतून काढलेली वस्तू आहे, म्हणून मला तिच्याबद्दल थोडं जास्त प्रेम आहे, हे कबूल करतो.

आम्ही कोहा घेतलं. त्यामागे एक जुना चटका होता. याच वाचनालयाने बऱ्याच वर्षांपूर्वी एक पॅकेज विकत घेतलं होतं. ते एकाच संगणकावर चाले आणि यूएसबीला एक छोटी किल्ली लावल्याशिवाय उघडत नसे. हार्ड डिस्क गेली, विक्रेत्याचा फोन लागेना, आणि सहा हजार नोंदी ज्या फाइलमध्ये होत्या ती दुसऱ्या कशातच उघडेना. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून सांगा, ‘सगळ्या नोंदी मार्क-२१ या ग्रंथालयांच्या प्रमाण साच्यात आणि सगळे सभासद एक्सेलमध्ये आत्ता काढून दाखवा.’ तो ‘नंतर बघू’ म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या.

कोहाची अडचणही सांगतो. ते लिनक्सवर चालतं, आणि ते बसवणारा, वर्षातून दोनदा तरी हात लावणारा माणूस लागतो. नवी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. आली की लगेच चढवायची नाही, दोन-तीन महिने जाऊ द्यायचे. असा माणूस गावात नसेल तर कोहा बसवून देणाऱ्या सेवादाराशी वार्षिक करार करा. सॉफ्टवेअर फुकट आहे, माणसाचा वेळ फुकट नाही.

मराठीचे नियम एका कागदावर

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं, म्हणून जरा सावकाश.

पहिली गोष्ट, सगळं युनिकोडमध्ये. वाचनालयात जुनी टंकलेली ग्रंथयादी असते आणि कार्यवाह अभिमानाने ती पेन ड्राइव्हवर आणून देतात. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टात असेल तर दिसायला मराठी आणि आत इंग्रजी अक्षरांचा काला. ओळखायची युक्ती साधी: एक ओळ कॉपी करून मोबाइलवर स्वतःला पाठवा. तिकडे मराठी दिसली तर युनिकोड. काला दिसला तर परिवर्तक वापरून बदलून घ्या आणि मग प्रत्येक शंभर ओळींतल्या दहा डोळ्यांखालून घाला. रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. एकच शब्द युनिकोडमध्येही दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲ’ हे एक अख्खं अक्षर म्हणून येतं, किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन ‘अॅ’ असं. ‘दऱ्या’ मधला तो आडवा र दोन वेगळ्या रीतींनी उमटतो. आमच्याकडे एक मुलगा लॅपटॉपवर आणि एक मुलगी मोबाइलवरून नोंदी भरत होती. तिने भरलेलं ‘ॲ’ने सुरू होणारं एकही पुस्तक त्याच्या शोधात येईना. अर्धा तास आम्ही दोन पडदे शेजारी धरून बसलो, अक्षरन् अक्षर सारखं. शेवटी त्याच्या संगणकावर त्या अक्षरापुढे कर्सर ठेवून खोडायची कळ दाबली. आधी फक्त चंद्र गेला, अ राहिला. तिच्याकडे तीच कळ दाबली तर अख्खं अक्षर गेलं. तेव्हा उलगडा झाला. सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, शक्यतो इनस्क्रिप्ट, आणि नोंदी संगणकावरच भरायच्या. आधीच भरलेल्या असतील तर एक्सेलमध्ये ‘शोधा आणि बदला’ने त्या एकसारख्या करून घ्या.

तिसरी गोष्ट लेखकांची नावं. आडनाव आधी: ‘देशपांडे, पु. ल.’ हे तर सगळेच मान्य करतात. पण ‘पु.ल.’ मध्ये मोकळी जागा सोडायची की नाही? ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’ लिहायचं का? कोणताही पर्याय चालेल, पण एकच. आणि नाशकात तर दारातच उदाहरण उभं आहे. कवितासंग्रह ‘विशाखा’ कुसुमाग्रज या नावाने आणि नाटक ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकर या नावाने. माणूस एकच. सगळं शिरवाडकरांखाली ढकललं तर ‘कुसुमाग्रज’ शोधणाऱ्याला कविता सापडत नाहीत, आणि उलट केलं तर नाटकं हरवतात. योग्य रीत अशी: ज्या नावाने पुस्तक छापलं त्याच नावाखाली नोंद, आणि कोहाच्या प्रमाणित नावांच्या यादीत दोन्ही नावांना एकमेकांकडे ‘हेही पाहा’ असा दुवा. जुन्या कार्ड कॅटलॉगमध्ये काकू नेमकं हेच करत. त्यांच्याकडे ‘पाहा’ची गुलाबी कार्डं वेगळी होती. म्हणून नावांच्या यादीचा अंतिम अधिकार आम्ही काकूंकडेच दिला. संगणकाची भीती असलेल्या माणसाला माऊस हातात देण्याआधी अधिकार हातात द्यावा, असं माझं मत झालंय.

चौथी गोष्ट, शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतात. मुखपृष्ठावर आहे तसंच शीर्षक टंका, पण आजच्या लेखनातलं रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात द्या. आजचा वाचक अनुस्वार घालून शोधणार नाही.

पाचवी, आकडे. शीर्षकात छापलेला देवनागरी आकडा तसाच ठेवा. पण दाखल क्रमांक, वर्ष, पृष्ठसंख्या, किंमत हे सगळं इंग्रजी अंकांत. कोड ३९ सारख्या बारकोडमध्ये देवनागरी अंक बसतच नाहीत.

अकारविल्हे यादी छापली की काकू कपाळाला हात लावतील, त्याचीही तयारी ठेवा. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. संगणक ळ ला ल च्या शेजारी बसवतो, क्ष ला क मध्ये आणि ज्ञ ला ज मध्ये. ‘ज्ञानेश्वर’ शोधायला शेवटचं पान उघडणाऱ्यांनी ज उघडायचा, एवढं भिंतीवर लिहून ठेवलं की भागतं.

आणि कोहा बसवणाऱ्याला एक वाक्य सांगायला विसरू नका: ‘झेब्रामध्ये आयसीयू चालू करून अनुक्रमणिका नव्याने बांधा.’ कोहाचा शोध ज्या झेब्रा नावाच्या यंत्रणेवर चालतो, तिची मूळ मांडणी रोमन लिपीसाठीची असते. आयसीयू म्हणजे इतर लिप्याही नीट हाताळणारी सोय, आणि अनुक्रमणिका म्हणजे शोधासाठीची आतली सूची. हे राहून गेलं तर पुस्तक आत असूनही शोधात शून्य येऊ शकतं आणि सगळे टंकणाऱ्याला दोष देतात.

नोंदी भरणं

आम्ही आधी एक्सेलमध्ये भरलं. रकाने असे: दाखल क्रमांक, शीर्षक, उपशीर्षक, लेखक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, स्थळ, वर्ष, आवृत्ती, पृष्ठे, किंमत, विषय, कपाट, आणि पुस्तक खरेदीचं की देणगीचं. दाखल क्रमांकाचा रकाना सुरुवातीलाच ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर ००४३१७ मधली पहिली दोन शून्यं एक्सेल गिळून टाकतो. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. साधं सीएसव्ही निवडलंत तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ते परत फिरवता येत नाही.

या तक्त्याचं मार्क-२१ मध्ये रूपांतर करायला ‘मार्कएडिट’ नावाचं मोफत साधन आहे. कोणता रकाना मार्कच्या कोणत्या क्रमांकाच्या रकान्यात जाणार हे एकदा सांगायचं: लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, आवृत्ती २५०, प्रकाशक आणि वर्ष २६०, पृष्ठे ३००, विषय ६५०, अनुवादक ७००, आणि प्रतीची माहिती म्हणजे बारकोड, कपाट, किंमत ही कोहाच्या ९५२ मध्ये. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर नोंद एक आणि खाली प्रती पाच. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नसतो, त्यामुळे कोहा हे आपोआप ओळखणार नाही. एक्सेलमध्येच शीर्षक-लेखकाप्रमाणे क्रम लावून जुळ्या ओळी आधी एकत्र करा.

पहिल्या खेपेला फक्त दोनशे नोंदी चढवा. कोहा आधी त्या बाजूला मांडून दाखवतं, मग आत घेतं, आणि चूक दिसली तर ती अख्खी खेप मागे घेता येते. आमच्या पहिल्या खेपेत प्रकाशकाच्या जागी किंमत आली होती. दोनशेच होत्या म्हणून हसलो.

इंग्रजी पुस्तकांसाठी एवढी हमालीही नको. कोहामध्ये झेड ३९.५० नावाची, दुसऱ्या ग्रंथालयातल्या नोंदी शोधून आणायची सोय आहे. आयएसबीएन दिला की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून तयार नोंद खाली येते. तिथे मराठी पुस्तकंही भरपूर आहेत, पण नोंदी रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि टिंबं देऊन. प्रकाशन वर्ष, पृष्ठे, वर्गांक घ्यायला उत्तम. शीर्षक आणि लेखक देवनागरीत पुन्हा टंकावेच लागतात.

वर्गीकरणाचा मोह टाळा. विषयांना आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीत मराठी कादंबरी ८९१.४६३, कविता ८९१.४६१ हे खरं, पण तुमच्याकडे ‘का’, ‘क’, ‘च’ अशी कपाटं असतील आणि वाचकांना ती पाठ असतील तर संगणकीकरणाच्या वर्षात त्यांना हात लावू नका. दोन बदल एका वर्षात वाचक सहन करत नाहीत. संदर्भ विभागापुरता ड्युई लावा हवा तर.

बारकोड

ए-फोर आकाराच्या कागदावर ६५ लेबलं येतात, ती घ्या. वर वाचनालयाचं नाव, मध्ये पट्ट्या, खाली क्रमांक. बारकोड वाचणारं यंत्र म्हणजे संगणकाच्या लेखी कळफलकच: नोटपॅड उघडून लेबलावर धरलं की आकडे उमटतात आणि कर्सर पुढच्या ओळीवर जातो. खरेदीआधी दुकानात असंच तपासा, जुन्या पिवळट कागदावर चिकटवलेल्या लेबलासकट. पुस्तकाच्या पाठीवर छापलेला ९७८ ने सुरू होणारा बारकोड मात्र आपल्या कामाचा नाही. तो सगळ्या प्रतींवर सारखाच असतो.

प्रत्येक पुस्तकाला दोन लेबलं: एक मागच्या मुखपृष्ठावर वरच्या कोपऱ्यात, म्हणजे पडताळणीत पुस्तक उघडावं लागत नाही; दुसरं शीर्षकपानाच्या मागे. दुसरं का? पुस्तक बाइंडरकडे जाऊन आलं की मुखपृष्ठ पुठ्ठ्याखाली गडप होतं आणि लेबलही. आतलं वाचतं.

चिकटवताना एक लेबल सरकलं की पुढची सगळी सरकतात. आमची एका कपाटातली चाळीस पुस्तकं अशी गेली. शिपाईमामांनी चहासाठी उठताना एक पुस्तक बाजूला ठेवलं होतं, इतकंच. तेव्हापासून नियम असा: चिकटवणारा एक, लगेच स्कॅन करणारा दुसरा, आणि पडद्यावरचं शीर्षक तो मोठ्याने वाचतो. पुस्तक हातात घेतलेला ‘हो’ म्हणाला तरच पुढे. आणि कपाटंच्या कपाटं पावसाळ्यात चिकटवायला घेऊ नका. दमट कागदावर गोंद धरत नाही, श्रावण संपेपर्यंत निम्मी लेबलं कडांनी उचललेली असतात.

आरएफआयडीचे, म्हणजे पुस्तकात चिप बसवून ती दुरून वाचणाऱ्या यंत्रणेचे, विक्रेते येतील, दारात वाजणारी कमान दाखवतील. अठरा हजार पुस्तकांच्या आणि एकाच दाराच्या वाचनालयाला तिची गरज नाही. तेवढ्या पैशांत पुस्तकं घ्या.

मशीन, वीज, तार

आठ जीबी रॅम, एसएसडी असलेला साधा डेस्कटॉप एवढ्या पसाऱ्याला सर्व्हर म्हणून पुरतो. देवघेवीला दुसरा, वाचकांना शोधायला तिसरा. हे दोन जुने असले तरी चालतात, कारण काम ब्राउझरमध्येच होतं.

सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावर आपण पूर मोजतो, आणि ते चढलं की सराफ बाजार, भांडी बाजाराकडची माणसं दुकानं रिकामी करायला लागतात. जुन्या नाशकातलं वाचनालय असेल तर सर्व्हर माडीवर. यूपीएस असा घ्या की जो वायरने सर्व्हरला ‘बॅटरी संपतेय, बंद हो’ असं सांगू शकेल. नुसता इन्व्हर्टर सर्व्हरला सावरून बंद करत नाही, वीज जाते तशी डेटाबेसची मोडतोड होते.

एका सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला, ‘कोहा मेलं.’ गेलो तर सर्व्हर ठणठणीत, पण देवघेवीचा संगणक त्याला शोधतच राहिलेला. रात्री वीज गेली होती, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने सर्व्हरला नवा पत्ता वाटून टाकला होता. सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा बांधून घ्या, आणि तो आकडा देवघेवीच्या टेबलाच्या खणात आतून चिकटवा. पासवर्ड मात्र तिथे चिकटवू नका. प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि दंड माफ करण्याचा अधिकार ग्रंथपालांपुरता.

ग्रंथयादी इंटरनेटवर टाकायची असेल तर संकेतस्थळाचं नाव संस्थेच्या ईमेलवर, संस्थेच्या नावाने नोंदवा. ते मदत करणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असेल आणि मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तर पुढच्या नूतनीकरणाला कुलूप.

सभासद आणि नियम

वर्गवारी तुमच्या वर्गणीप्रमाणे करा: सर्वसाधारण, विद्यार्थी, बाल, आजीव. दिवाळी अंकांना वेगळा प्रकार द्या आणि मुदत चार दिवसांची ठेवा. त्यांची रांग तुम्हाला माहीत आहेच. सुट्ट्यांचं कॅलेंडर भरलं की सुट्टीच्या दिवसांचा दंड न धरण्याची सोय कोहात आहे. ती चालू केली नाही तर गणपतीनंतरच्या पहिल्या दिवशी भांडणं होतात.

सभासदाची माहिती गरजेपुरतीच घ्या: नाव, पत्ता, मोबाइल, अनामत. आधारचा क्रमांक संगणकात ठेवू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि तो नसता तरी कोण काय वाचतं ही गावात फिरायची गोष्ट नव्हे. एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत, संस्था, शीर्षक आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. छोट्या वाचनालयाने ईमेलवर सुरुवात करावी.

बदलाची तारीख मे महिन्यात नको, मुलं घरी असतात. दिवाळीत अंकांची गर्दी, मार्चमध्ये हिशेब. जून अखेर ते ऑगस्ट बरा. सिंहस्थाच्या वर्षी पंचवटीकडच्यांनी मात्र पर्वण्यांचे महिने टाळावेत, माणसंच पोचत नाहीत. पहिला महिना वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवा. बाहेर गेलेली पुस्तकं रजिस्टरवरून भरत बसू नका. परत येतील तसं लेबल लावा, आत घ्या. वीज गेली तर कागदावर सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक लिहा, आली की चढवा.

दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करायची हौस सगळ्यांना येते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्व हक्क असतो, आणि अनुवादकाचा वेगळा. आधी ते पाहा, मग ३०० डीपीआयला स्कॅन करा. पण हे दुसऱ्या वर्षीचं काम.

बॅकअप

कोहा नेहमीच्या पॅकेजमधून बसवलं असेल तर रोज आपोआप बॅकअप होतो, पण त्याच मशीनवर, आणि दोन-चार दिवसांपुरता. डिस्क गेली की दोन्ही जातात. म्हणून रोजची फाइल दुसऱ्या संगणकावर, आठवड्याची एका बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क कार्यवाहांच्या घरी, गंगापूर रोडला, पुरापासून लांब. तीन डिस्का आलटून पालटून.

घेतलेला बॅकअप उघडतो का, हे महिन्यातून एकदा बघायचं. पहिल्या शनिवारी जुन्या लॅपटॉपवर ती फाइल पुन्हा चढवायची, अनुक्रमणिका बांधून घ्यायची आणि चार गोष्टी तपासायच्या: एकूण नोंदी, एकूण सभासद, काल शेवटी दिलेलं पुस्तक, आणि कोणताही एक ओळखीचा दाखल क्रमांक. काकू दर वेळी ४३१७ टंकतात. पाकशास्त्र आलं की पेनाने वहीत तारीख घालून सही करतात आणि लॅपटॉप मिटतात.